वरच्या ओळीतली डावीकडची वीट

या जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, तापलेल्या आणि अजून तापायच्या राहिलेल्या, अशी मनापासून श्रद्धा असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते माझ्या बायकोच्या माहेरचे शेजारी. चिंचवडला दोन्ही घरांच्या मधली भिंत सामाईक होती आणि त्या भिंतीच्या हक्काने ते तिचे काका झाले. लग्नानंतर आम्ही दुबईला यायला निघालो तेव्हा सासऱ्यांनी मला उपदेश वगैरे काही केला नाही. "तिथे आपले भट्टीवाले आहेत, काळजी नाही," एवढंच म्हणाले. धातू वितळवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात भट्ट्यांना आतून विटांचं अस्तर लावणाऱ्या खात्याचे ते प्रमुख होते, म्हणून भट्टीवाले. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर ते हे वाचतील, आणि वाचलं तर तापमानाच्या चुका काढतील.

चहा समोर आला की कपाला मधल्या बोटाची मागची बाजू टेकवायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि "अडुसष्ट, अजून जरा उतरू दे" असं जाहीर करायचं, मग बशीत ओतायचा, हा त्यांचा नेम. ऑगस्टमध्ये शारजाच्या रस्त्यावर चपलेचा तळवा डांबराला चिकटायला लागतो, गाडीच्या दाराला हात लावताना मनाची तयारी करावी लागते, पण काकांसमोर "काय उकडतंय" म्हणायची आमची टाप नव्हती. ते कपाळाला घाम न येऊ देता आमच्याकडे दयेने बघत आणि म्हणत, "जावईबापू, हे कोमट आहे." मला ते पहिल्यापासून जावईबापू म्हणत, अहोजाहो करत, आणि त्याच आदराने माझ्या हातात जड वस्तू देत. अंगात कायम पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज. लग्न असो, मुंज असो, मंडळाचा गणपती असो, दाराबाहेर नाजूक चपला-सँडलांच्या घोळक्यात ते दोन रणगाडे दिसले की आत काका आहेत हे बेल वाजवण्यापूर्वीच कळायचं. एकदा माझ्या वाढदिवसाला आम्ही त्यांना अल कुसैसमधल्या एका हॉटेलात जेवायला नेलं. ऑर्डर देईपर्यंत काका खुर्चीवरून गायब. शोधलं तर स्वयंपाकघरात, तंदूरपुढे उकिडवे बसलेले, हातात मोबाइलची बॅटरी, आणि समोर हात जोडून उभा असलेला मालक. पायातले बूट आणि खिशाला अडकवलेली पेनं बघून तो त्यांना नगरपालिकेचे इन्स्पेक्टर समजला होता. "तंदूर बाईं तरफ से फटा है," काका त्याला समजावत होते, "अभी भरो, नहीं तो खलास." त्या दिवशी आमच्या टेबलावर न मागवलेले तीन पदार्थ आले. काकांनी त्यातल्या प्रत्येकाला बोट टेकवलं आणि गार आहे म्हणून परत पाठवलं.

त्यांच्या आयुष्याचं कॅलेंडरसुद्धा भट्ट्यांचंच होतं. मुलगा कधी झाला, तर चार नंबरच्या भट्टीचं अस्तर बदललं त्या वर्षी. भट्टी विझवली की तिची दुरुस्ती, म्हणजे काकांचं काम, आणि भट्टी पेटली की काका मोकळे. "आमचा संसार झाला तो सगळा भट्टी पेटलेली असताना," असं काकू हसत सांगायच्या. काकूंचं हसणं मोठं होतं आणि दरवर्षीचं त्यांचं हळदीकुंकूही मोठं असायचं. शारजातल्या अल नहदाच्या त्यांच्या फ्लॅटची लिफ्ट त्या दिवशी फक्त मराठी बायकांसाठी चालते असं वॉचमन म्हणायचा. काकू गेल्या त्यालाही आता काही वर्षं झाली. त्यानंतर काकांचं जेवण खालच्या हॉटेलातून यायला लागलं, पण काकूंचा भाकरीचा तवा त्यांनी गॅसवरून उतरवला नाही. तो तसाच तिथे, रिकामा, रोज पुसलेला.

मुलगा कॅनडात. गुणी मुलगा, दर शनिवारी फोन करणारा. आणि दर शनिवारी त्याचं एकच पालुपद, "बाबा, आता खूप झालं. इकडे या. तुम्हाला इथे काही म्हणजे काही करावं लागणार नाही. फक्त आराम करा." आपल्याकडे मुलं आईवडिलांना जे सगळ्यात मोठं सुख देऊ बघतात ते हेच, की तुम्ही काडीसुद्धा हलवायची नाही. त्यात प्रेम असतं हे काकांनाही कळत होतं. तरी फोन ठेवला की ते माझ्या बायकोकडे बघून म्हणायचे, "पोरी, तिथे मी करू काय? सोफ्यावर बसून बर्फ बघू? फर्निचर म्हणून मला नाही जायचं." निवृत्तीनंतर कंपनीने सल्लागार म्हणून ठेवलं होतं तेही आता संपत आलं होतं आणि त्याबरोबर मार्चअखेर व्हिसाही. काकांच्या बोलण्यात चिंचवडचा बंद फ्लॅट डोकवायला लागला. तो झाडून घ्यायचा, नळ बदलायचे, आणि तिथे एकट्याने राहायचं. माझ्या बायकोला त्या विचाराने झोप येईना. त्या फ्लॅटमध्ये ना काकू, ना भट्टी, शेजारची आमची सासरची माणसंही आता दुसरीकडे राहायला गेलेली. "काका तिथे एकटे बसले तर उठायचेच नाहीत रे," ती मला म्हणायची.

आम्ही दुबईत, अल कुसैसच्या एका आतल्या गल्लीत जुन्या, बैठ्या व्हिलात राहतो. कडुनिंबाचं झाड आणि अंगण बघून बायकोने ते घर पसंत केलं. हॉलमध्ये मात्र एक विचित्र प्रकार होता, विटांची फायरप्लेस. फार पूर्वी इथे थंड देशातला कुणी साहेब राहायचा, त्याने हौसेने बांधून घेतली म्हणे. वाळवंटात शेकोटी हा प्रकार आम्हाला एवढा अचाट वाटला की आम्ही तिच्यात वाय-फायचा राउटर ठेवला. त्याचा लाल दिवा लुकलुकायचा तेवढीच काय ती तिच्यात धग. एका रविवारी काका जेवायला आले, पानावर बसता बसता त्यांची नजर तिकडे गेली आणि पुऱ्या तशाच राहिल्या. राउटर त्यांनी दोन बोटांत धरून बाहेर काढला, मेलेला उंदीर काढावा तसा. मग गुडघ्यावर बसून डोकं धुराड्यात घातलं ते बराच वेळ बाहेर आलंच नाही. आतून नुसते "अरेरे" ऐकू येत होते. आले तेव्हा केसांत मैनेच्या घरट्याच्या काड्या होत्या आणि चेहऱ्यावर, दुखणेकऱ्याला तपासून बाहेर येणाऱ्या डॉक्टरचा असतो तसला भाव.

"हिच्यावर अन्याय झालाय," ते म्हणाले. मागच्या भिंतीच्या विटांचा नुसता हात लावला तरी भुगा होत होता, आणि मधल्या कुठल्या तरी भाडेकरूने सांध्यांमध्ये बाथरूमच्या फरशीचं पांढरं सिमेंट भरलं होतं. काकांनी त्याचा एक पोपडा नखाने उचलला आणि मला, बायकोला आणि आमच्या कन्येला प्रसादासारखा दाखवला. "विस्तवापुढे हे? हे पहिल्या जाळात फुटतं. ही सगळी उकलायची आणि नव्याने बांधायची." बायकोने विचारलं, "काका, पण इथे शेकोटी पेटवायची कधी?" काकांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू देवघरात देव कशाला असं तिने विचारलं होतं.

घरमालकाची परवानगी काढायला मी काकांना घेऊन गेलो. आमचे अरबाब म्हणजे अगदी म्हातारे, पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यातले, जुन्या मुंबईत व्यापार केलेले, त्यामुळे हिंदी उत्तम. काकांनी त्यांना अर्धा तास विटेचे प्रकार समजावले. अरबाबांनी खजुराची थाळी पुढे सरकवली आणि म्हणाले, "मेरे को क्या मुश्किल? बनाओ, जलाओ. बस घर मत जलाओ." मग शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात विटांची खरेदी. तिथला पठाण दुकानदार काकांना ओळखत होता. आम्हाला पाहताच त्याने मुलाला स्टूल आणायला सांगितलं, "आओ चाचा, बैठो, ईंट का गाना सुनो." मी एकेक भट्टीची वीट दोन बोटांवर तोलून धरायची आणि काकांनी थापीच्या मुठीने तिच्यावर टिचकी मारून कान द्यायचा. खणखणीत वाजली तर घ्यायची, दबकी वाजली तर आतून चीर. मला दोन्ही सारख्याच ऐकू येत. "जावईबापूंचा कान अजून कच्चा आहे," काकांनी दुकानदाराला सांगितलं, आणि त्यानेही सहानुभूतीने मान हलवली.

आणि मग आमच्या हॉलमध्ये तो प्रकार सुरू झाला. हवा बदलली होती, नोव्हेंबर लागला होता. रोज चारच्या सुमाराला काका सीमा ओलांडून पायी येत. हो, शारजाची हद्द ओलांडून दुबईत, तीही चालत, कारण बसमधला एसी त्यांना आवडत नसे. येताना थापी, गुण्या, ओळंबा असलेली पिशवी. जुन्या विटांपैकी ज्या धड होत्या त्या त्यांनी धुतल्या, खडूने खुणा केल्या आणि हॉलभर पसरून वाळत घातल्या. सोफा भिंतीला गेला, टीव्ही झाकला गेला, राउटर स्वयंपाकघरात गेला आणि तिथून आमच्या खोल्यांपर्यंत त्याची ताकद पोचेना. त्यामुळे एक गोष्ट अशी झाली की आमच्या घरातली तीन माणसं, जी एरवी आपापल्या खोलीत आपापल्या स्क्रीनपुढे असायची, ती संध्याकाळी हॉलमध्ये विटांच्या मध्ये जागा करून बसायला लागली. आमची कन्या दहावीत. तिला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. काका तिच्याशी इंग्रजी समजत नसल्यासारखं वागत. आयुष्यभर परदेशी इंजिनियरांशी भांडलेला हा माणूस तिला म्हणायचा, "काय म्हणालीस ते आजोबांना कळेल असं सांग बाळ." हळूहळू तिला त्यांच्याशी वाद घालायचा तर मराठीत घालावा लागे, आणि वाद घालायची तर तिला भारी हौस. त्या हिवाळ्यात ती जेवढं मराठी बोलली तेवढं आम्ही तिला दहा वर्षांत बोलायला लावू शकलो नव्हतो. याबद्दल मी काकांचे आभार मानायला गेलो तर ते म्हणाले, "ती पट्टी द्या इकडे."

काम करताना त्यांचं प्रवचन चालू असे. "दोन विटांत मसाला पोळीला तूप लावतो तेवढाच लावायचा. आणि कडेला ही बोटभर जागा दिसते ना? ही विसरून राहिलेली नाही, सोडलेली आहे. वीट तापली की फुगते. तिला हातपाय पसरायला जागा ठेवली नाही तर ती शेजारणीला ढकलते, शेजारीण तिच्या शेजारणीला, आणि भिंत बाहेर येते." कन्येने विचारलं, "मग गार झाल्यावर?" "गार झाल्यावर परत जागेवर. जागा असली तर वीट शहाण्यासारखी वागते."

जानेवारीत बायकोने हळदीकुंकू ठेवलं. काकू गेल्यापासून आमच्या ओळखीत ते कुणी केलं नव्हतं. मी म्हटलं, हॉलमध्ये विटा आहेत, पुढच्या वर्षी कर. ती म्हणाली, विटा बसल्यात तशा बायकाही बसतील. खरोखरच पैठण्या सावरत, विटांमधून वाट काढत बायका बसल्या. काका स्वयंपाकघरात, एका कोपऱ्यात, पाहुण्यांच्या नजरेआड तिळगूळ खात. अल नहदाहून आलेल्या एका नव्या बाईंना वाटलं की खडूच्या खुणा करून एवढ्या नीट मांडलेल्या विटा म्हणजे यांच्याकडची काही प्रथा असणार. त्यांनी पहिल्या विटेला हळदीकुंकू वाहिलं आणि नमस्कार केला. मागच्या दोघींनीही केला. कुणाला सांगायचा धीर होईना. बायका गेल्यावर आम्ही हसून हसून लोळलो. काका मात्र हसले नाहीत. ती वीट त्यांनी हातात घेतली, तिच्यावर उमटलेल्या पिवळ्या-लाल बोटांकडे जरा वेळ बघितलं आणि पुसायला फडकं आणलं होतं ते परत पिशवीत ठेवलं. "ही जाळाजवळ नको," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी ती सगळ्यात वरच्या ओळीत, डावीकडच्या टोकाला बसवली, दर्शनी बाजूला, जिथे धग पोचत नाही.

वरची ओळ बसली म्हणजे काम संपलं असं मी समजत होतो. पण आठवडा गेला, दोन गेले, काका रोज येतच होते. शेवटी कन्येने एका संध्याकाळी चहा घेताना आपल्या मनातलं सांगून टाकलं. "आजोबा, बट यू फिक्स्ड धिस वन ऑन ट्यूजडे ऑल्सो." मग काकांकडे बघून मराठीत, "म्हणजे, ही मंगळवारी पण काढली होती ना?" काका म्हणाले, "सांध्यात केसभर फरक आहे." आणि पाठ वळवून मसाला कालवायला लागले. ते गेल्यावर आम्ही तिघांनी फायरप्लेसपुढे बसून बघितलं. केसभरसुद्धा फरक कुठे नव्हता. काका चांगल्या बसलेल्या विटा काढत होते आणि परत बसवत होते. हे काम संपलं की त्यांच्यापुढे दोनच दारं उरत होती, एक सोफ्याकडे आणि एक बंद फ्लॅटकडे, आणि दोन्हीकडे जायचं नव्हतं म्हणून ते आमच्या शेकोटीतच थांबले होते.

माझ्या बायकोने त्यावर जे केलं त्याला मी आजही दाद देतो. दुसऱ्या दिवशी काका आले तर ती कमरेवर हात ठेवून फायरप्लेसपुढे उभी. "काका, ही वरची डावीकडची मला जरा वाकडी वाटते." काकांनी गुण्या लावला, ओळंबा सोडला. "सरळ आहे पोरी." "तुमचं यंत्र म्हणत असेल सरळ. मला वाकडी दिसते." काकांनी तिच्याकडे रोखून बघितलं, मग म्हणाले, "गिऱ्हाइकाला दिसते म्हणजे आहे," आणि ती ओळ उतरवली. तेव्हापासून आम्ही पाळीपाळीने खोड्या काढायला लागलो. मला सांध्यातली दर्जाची रेघ जाड वाटली. कन्येला एका विटेचा रंग बोअर वाटला. बायको मात्र प्रत्येक वेळी त्याच विटेवर यायची, कारण दुसरी कुठली काढायची हे तिला कळायचं नाही. आमच्याएवढी चिकित्सक गिऱ्हाइकं काकांना कारखान्यातही भेटली नसतील.

पण मार्च काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. एका शनिवारी मी जमिनीवर बसून काकांनी सांगितलेल्या विटा घासत होतो. काका बाहेर कडुनिंबाखाली वाळू चाळत होते. फोन वाजला. काकांचा मुलगा. "भाऊजी, एक विचारायचं होतं. बाबा म्हणतात एक महत्त्वाची भट्टी हातात आहे, क्लायंट सोडत नाहीये. तिकीट काढू नको म्हणतात. तुम्हाला माहितीये का कोण क्लायंट आहे? मी डायरेक्ट बोलतो त्यांच्याशी."

मी घासकाम थांबवलं. "मीच आहे," म्हणालो.

मी त्याला सगळं सांगायला सुरुवात केली तेवढ्यात बायकोने फोन हातातून काढून घेतला. ती त्याला लहानपणापासून ओळखते, त्यामुळे प्रस्तावना नाही. "अरे, तू त्यांना आराम आराम म्हणून घाबरवून सोडलंयस. त्यांनी कधी आराम केलाय का? तुझ्या घरात काही मोडकं नाही का रे?"

"मोडकं? ताई, जुनं घर घेतलंय आम्ही, अर्धं मोडकंच आहे. म्हणून तर व्हिडिओ कॉलला मी कॅमेरा त्या बाजूला नेतच नाही. बाबांना टेन्शन नको. फायरप्लेसच्या तर विटा बाहेर आल्यात. नेक्स्ट वीक माणूस येतोय, ती बंद करून गॅसची बसवणार. रिमोटवाली. म्हटलं बाबा यायच्या आत सगळं क्लीन करून टाकू."

बायको खालीच बसली, विटांमध्ये. "त्या माणसाला नको म्हणून सांग," ती म्हणाली. "आणि आत्ताच्या आत्ता तिचे फोटो पाठव. चांगले नको काढूस, असेल तसे काढ."

फोटो आले. काका चाळण घेऊन आत आले तेव्हा बायकोने फोन त्यांच्यापुढे धरला. काकांनी हात पँटला पुसले, चष्मा वर केला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. मी त्यांचा चेहरा बघत होतो. कपाळावर आठी आली, मग दुसरी, आणि मग त्या रविवारी पुऱ्या सोडून उठले होते तेव्हाचा भाव आला.

"हे कुणाचं घर?"

"तुमच्या मुलाचं."

"आणि यात त्यांनी साधं सिमेंट भरलंय? बर्फाच्या देशात? ओल खाल्लीय हिने, हे बघा, हा कोपरा बघा जावईबापू. हा माझा मुलगा. माझा मुलगा असून यात बसतो." बायकोने हळूच सांगितलं की तो ती बंद करून गॅसची बसवणार आहे, रिमोटवाली. काका खुर्चीत टेकले. मग उठले. "त्याला फोन लाव. सांग, मी येईपर्यंत एका विटेला हात लावायचा नाही. एकाही. आणि तिकीट कधीचं मिळतं ते बघ म्हणावं." एवढं बोलून ते वळले, बाही दुमडली, आणि आमच्या फायरप्लेसचं महिनाभर रेंगाळलेलं काम त्या दिवशी अंधार पडायच्या आत संपवलं.

पेटवायचं मात्र त्यांच्या पद्धतीने. ओली भिंत एकदम तापवायची नाही. पहिल्या दिवशी आत फक्त निरांजन. दुसऱ्या दिवशी समई. मग दोन कोळसे. मग मूठभर काटक्या. आम्ही रोज संध्याकाळी तिच्यापुढे बसायचो, आणि बायकोला पहिल्या दोन दिवशी आपोआप हात जोडावेसे वाटले. शेवटी, वाळवंटात कॅम्पिंगला जाणारे लोक नेतात ती लाकडं आणून खरा जाळ केला. मार्चच्या दुबईत, हॉलचा एसी अठरावर ठेवून, अंगावर शाली घेऊन आम्ही चौघं शेकत बसलो. धूर सरळ वर गेला. काकांनी विटांना मधल्या बोटाची मागची बाजू टेकवली आणि डोळे मिटले. आम्ही आकड्याची वाट बघत होतो. ते म्हणाले, "छान आहे." एवढंच. त्यांच्या तोंडून आकडा नसलेलं मोजमाप मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

विमानतळावर त्यांची बॅग वजनात बसेना. काउंटरवरच्या मुलीने उघडायला लावली. कपडे थोडे, थापी, ओळंबा, कागदात गुंडाळलेला काकूंचा तवा, आणि टॉवेलात बांधलेली एक वीट. मुलीने विचारलं, सर, धिस इज अ ब्रिक? काकांनी तिला इंग्रजीत समजावलं की तिकडे विटा मिळतात, पण त्या कशा वाजतात कोण जाणे, सोबत एखादी ओळखीची असलेली बरी. मी शर्ट माझ्याकडे काढून घेतले, वीट आणि तवा राहिले. निघताना त्यांनी माझ्या हातात काही जड दिलं नाही, रिकाम्या हातांनी माझा हात धरला. बायको रडत होती. "वेडी," ते तिला म्हणाले, "क्लायंट वाट बघतोय."

घरी आलो तर कन्या फायरप्लेसपुढे उभी होती. वरच्या ओळीत डावीकडच्या टोकाला एक चौकोनी भोक होतं, कडा नीट साफ केलेल्या. हळदीकुंकवाची वीट गेली होती. काका पोचल्याचा फोन आला तेव्हा बायकोने विचारलं. तिकडे बर्फ पडत होता आणि काकांचा आवाज धुराड्यातून आल्यासारखा येत होता, बहुधा डोकं तिथेच होतं. "तुला ती वाकडी वाटत होती ना पोरी?" ते म्हणाले. "सरळ करून घेऊन येतो."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. आमच्या खोड्या, आमची नाटकं, सगळं. आणि रोज ते मान डोलावून ती ओळ उतरवत होते, कारण आम्हाला ते हवे आहेत हे आम्ही त्या एकाच पद्धतीने सांगू शकत होतो. आमच्या घरातला एक हिवाळा त्यांनी विटेवर वीट ठेवून बांधून दिला. त्याचे आभार मानायला शब्द नाहीत म्हणतात, मला वाटतं शब्द आहेत, फक्त काका ते ऐकून घेत नाहीत, मध्येच पट्टी मागतात.

आता यंदाचा जानेवारी आला आहे. मुलाचा परवा फोन होता. "भाऊजी, बाबांनी तो कोपरा परत काढलाय. मला तर परफेक्ट वाटत होता." मी त्याला म्हटलं, नीट बघ, वरच्या ओळीत काहीतरी वाकडं दिसेल. तो हसला. त्याला आता कळायला लागलंय. आमच्याकडे संध्याकाळी एसी लावून आम्ही जाळ करतो, धूर सरळ वर जातो. येणारा प्रत्येक पाहुणा त्या भोकाकडे बघतो आणि ओळखीचा एखादा मिस्त्री सुचवतो, पाच मिनिटांचं काम आहे म्हणतो. बायको त्याला चहा देते आणि सांगते, आमचा माणूस ठरलेला आहे. मग ती फडकं घेऊन त्या रिकाम्या जागेतली धूळ पुसते.